घरच्या घरीं धुण्याचा साबण

धुणें हा प्रत्येक कुटुंबाचा रोजचा खर्च आणि रोजचा व्याप होय. दहा-बारा माणसांच्या घरांत तर साबणाची वडी कधीं आली आणि कधीं संपली, हें समजतहि नाहीं. परंतु ती कशाची झाली आहे, तिच्यामुळें कापडाचें आणि पाण्याचें काय होतें, याची चौकशी फारसें कोणी करीत नाहीं. तेल, पाणी व कॉस्टिक सोडा एवढ्या तीन जिनसांतून धुण्याचा उत्तम साबण घरीं होऊं शकतो. त्याची कृति, आणि कृतीइतक्याच महत्त्वाच्या त्याच्या मर्यादा, येथें सांगण्याचा आमचा हेतु आहे.

पूर्वीं आपल्याकडे धुण्यासाठीं रिठे, राखेचें निवळलेलें पाणी व सज्जीखार वापरीत. परटाची भट्टी चाले ती खारावरच. 1888 सालीं विलायतेहून सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरांत उतरल्या आणि वडीचा साबण हळूहळू घरोघर शिरला. त्यांत प्राण्यांची चरबी असेल काय, ही शंका सोवळें पाळणाऱ्या घरांत स्वाभाविकच होती. 1920 च्या सुमारास अर्देशीर गोदरेज यांनीं केवळ वनस्पति तेलांचा साबण बाजारांत आणला, तेव्हां ती शंका बरीच दूर झाली. घरच्या साबणांत तर ती उरतच नाहीं. कारण काय घातलें तें आपल्याच हातांनीं घातलेलें असतें.

तेलाचा साबण होतो कसा? शेवरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें 1823 सालच्या आपल्या ग्रंथांत याची उकल केली. तेलांत ग्लिसरीन व स्निग्धाम्लें एकत्र बांधलेलीं असतात. कॉस्टिक सोडा ती गांठ सोडवितो. अम्लें सोड्याशीं मिळून साबण होतो आणि ग्लिसरीन मोकळें होतें. प्रत्येक तेलाला सोडा किती लागावा, हें ठरलेलें आहे. एक किलो खोबरेल तेलास सुमारें 180 ग्रॅम लागतो, तर भुईमुगाच्या तेलास सुमारें 135 ग्रॅमच पुरतो. म्हणून येथें अंदाजाचें काम नाहीं, तराजू पाहिजेच. स्वयंपाकांतील चिमूट-पसा येथें उपयोगाचा नाहीं.

बाजारांत ‘सोडा’ या नांवाच्या तीन वस्तु मिळतात. खाण्याचा सोडा व धुण्याचा सोडा यांनीं साबण होत नाहीं. त्याला कॉस्टिक सोडाच हवा, आणि तो अत्यंत दाहक आहे. म्हणून कामाच्या वेळीं लहान मुलांना त्या खोलींत येऊं देऊं नये. हातांत रबरी मोजे व डोळ्यांवर चष्मा असावा, आणि खिडक्या उघड्या ठेवाव्या. अल्युमिनियमचें भांडें मुळींच घेऊं नये. सोडा तें खातो. स्टेनलेस स्टीलचें भांडें घ्यावें व तें पुन्हा स्वयंपाकांत आणूं नये. सोडा अंगावर उडाल्यास ती जागा वाहत्या पाण्याखालीं निदान पंधरा-वीस मिनिटें धरावी. डोळ्यांत गेल्यास धुतां धुतांच डॉक्टरांस बोलवावें.

आतां कृति. 400 ग्रॅम थंड पाणी घेऊन त्यांत 180 ग्रॅम कॉस्टिक सोडा थोडा थोडा सोडावा. सोडा पाण्यांत घालावा, पाणी सोड्यावर कधींहि ओतूं नये. नाहींतर तें उसळून अंगावर येतें. द्रावण फार तापतें. तें कोमट होईपर्यंत थांबावें. एक किलो खोबरेल तेल तितकेंच कोमट करून त्यांत हें द्रावण बारीक धारेनें ओतावें व सारखें ढवळीत राहावें. मिश्रण दाट होऊन ढवळणीची रेघ वर क्षणभर टिकूं लागली, कीं कागद लावलेल्या लांकडी सांच्यांत ओतावें. खोबरेलाचा साबण लौकर कडक होतो. म्हणून दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां, हातास टणक लागतांच मोजे घालून वड्या पाडाव्या. त्या हवेशीर जागीं चार आठवडे वाळूं द्याव्या.

वापरण्यापूर्वीं घरचें पाणी जाणून घ्यावें. दख्खनच्या पुष्कळ विहिरींचें पाणी जड असतें; त्यांतील चुना व मॅग्नेशियम साबणाशीं मिळून करडा साका होतो आणि पांढरीं धोतरें मळकट दिसतात. यावर उपाय असा कीं, बादलीभर पाण्यांत चमचाभर धुण्याचा सोडा आधीं विरघळवावा व मग साबण लावावा. धुण्याच्या यंत्रांत हाच साका सांठतो. म्हणून किसलेला साबण यंत्रांत घालण्याची हल्लींची प्रथा जड पाण्याच्या गांवीं आम्हांस पसंत नाहीं. तेथें बाजारची पूडच बरी. ती जड पाण्यांतहि साका धरीत नाहीं.

दुसरी मर्यादा कापडाची. हळदीच्या डागाला साबण लागतांच तो लाल होतो, हें प्रत्येक गृहिणीनें पाहिलें आहे. साबण कितीहि मुरला तरी त्यांत खारटपणा राहतोच, याची ती साक्ष होय. सुती कापडाला तो बाधत नाहीं; परंतु रेशीम व लोंकर हे प्राणिज धागे खारानें झिजतात. आजीचा शालू, पूजेचा मुकटा, काश्मिरी शाल यांना हा साबण दाखवूंहि नये. त्यांस रात्रभर भिजवून कुसकरलेल्या रिठ्यांचें गाळलेलें पाणीच योग्य. तसेंच साबणाचें व सोड्याचें पाणी रोज तुळशीच्या आळ्यांत ओतूं नये. सोड्यानें जमीन बिघडते.

खर्चाचा हिशेब स्पष्ट सांगणें बरें. खोबरेल विकत घेऊन केलेला साबण नेहमींच स्वस्त पडेल असें नाहीं; कोंकणांत घरचें तेल असेल तेथें गोष्ट निराळी. परंतु एक किलो तेलाचा सव्वा किलोहून अधिक साबण होतो, त्यांत भर घालण्याची माती नसते, आणि कोणत्या कापडास काय सोसतें याचें ज्ञान घरांत राहतें. आमच्या मतें खरा लाभ तोच. वर्षांतून दोनदां, घरांतील जाणत्या माणसांनीं मिळून, तराजू समोर ठेवून हा उद्योग करून पाहण्यासारखा आहे.