कृष्णद्रव्याचा दावा कसोटीवर

विश्वातील सुमारे ८५ टक्के द्रव्य दिसत नाही. दीर्घिकांवरील त्याच्या गुरुत्वाकर्षणामुळेच ते ओळखता येते. या कृष्णद्रव्याचा, म्हणजे 'डार्क मॅटर'चा, वेध घेण्यासाठी इटलीत ग्रान सासो पर्वताखाली सुमारे १,४०० मीटर खडकाच्या छायेत 'डामा' गटाने सोडियम आयोडाइडचे स्फटिक ठेवले. एखादा कण अणुकेंद्रावर आदळला, की स्फटिकात प्रकाशाची क्षीण चमक उमटते.

या चमकांची संख्या जूनच्या सुमारास वाढते व डिसेंबरात घटते, असा दावा हा गट गेल्या शतकाच्या अखेरीपासून करीत आला. सूर्य आकाशगंगेतून सेकंदाला सुमारे २३० किलोमीटर वेगाने धावतो. जूनमध्ये पृथ्वीच्या भ्रमणाचा वेग त्यात काही अंशी मिळतो, डिसेंबरात वजा होतो. पावसात धावणाऱ्याच्या तोंडावर सरी अधिक जोराने बसाव्यात, तसेच हे.

मात्र, द्रवरूप झेनॉन वापरणाऱ्या अधिक संवेदनशील प्रयोगांना हे कण सापडले नाहीत. 'तुमचे मूलद्रव्य वेगळे' ही पळवाट तेवढी उरली होती. तर्क म्हणून ती चुकीचीही नव्हती. ती बुजविण्यासाठी स्पेनमधील 'अनाइस' व दक्षिण कोरियातील 'कोसाइन' या प्रयोगांनी त्याच प्रकारचे स्फटिक वापरले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत तो चढउतार आढळला नाही.

मग डामाला दिसले ते काय? ऋतुमानाचा परिणाम असल्याची शंका जुनीच आहे. त्यासाठीच ऑस्ट्रेलियातील स्टॉवेल येथील सोन्याच्या खाणीत 'सेबर' प्रयोगाची आखणी झाली. तेथे जूनमध्ये हिवाळा असतो. दोष ऋतूचा असेल, तर तेथील आलेख उलटा निघेल.