टाकीत फुलवा लाल कोळंबीचा संसार

कोळंबी म्हटलं की ताटातलं कालवण आठवतं. पण जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटरची लाल चेरी श्रिम्प पाळली जाते ती हौसेने. तैवान-चीनकडची ही गोड्या पाण्यातली कोळंबी घरच्या टाकीतही पिल्लं देते. फक्त घाई करू नका.

आधी टाकी मुरू द्या : २० लिटरची टाकी पुरते. स्पंज फिल्टर आणि जावा मॉस लावा, रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाका. ४ ते ६ आठवड्यांत विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू वाढतात. टेस्ट किटमध्ये अमोनिया, नायट्राइट शून्य दिसलं की मगच कोळंबी सोडा.

हे टाळा : क्लोरीन न काढलेलं नळाचं पाणी, तांबं असलेली माशांची औषधं आणि टाकीजवळ डासांचा स्प्रे. तिन्ही जीवघेणे आहेत.

पिल्लांसाठी : मादी साधारण २०-३० अंडी पोटाखाली सांभाळते. ३-४ आठवड्यांत त्यातून इवल्याशा कोळंब्याच बाहेर पडतात. टाकीत मासे असतील तर ते पिल्लं फस्त करतात, म्हणून मासे वेगळे ठेवा.

रिकामं कवच दिसलं तर घाबरू नका. ती कात आहे. काढू नका, कोळंबी ती खाते.

संख्या वाढली तर मित्रमैत्रिणींना द्या, नदी-तलावात मात्र सोडू नका.