लेहला जाताय? फुप्फुसांना विचारलंत का?

काय मग, यंदा लेहचा प्लॅन फायनल? सकाळच्या फ्लाइटने लेह, दुपारी मार्केट, दुसऱ्याच दिवशी बाइकवरून खार्दुंग ला आणि रात्री फोटो अपलोड! साताऱ्याच्या माझ्या ग्रुपचाही प्लॅन साधारण असाच. त्यातले दोघं दरवर्षी सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळतात. यवतेश्वरचा घाट धावत चढणाऱ्याला लेहमध्ये काय होणार, असा त्यांचा फंडा!

गोची इथेच आहे. उंचीवर परीक्षा पायांची नसते. ती असते फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांची. आणि त्यांना तुमचं मेडल दिसत नाही.

शरीरात इतरत्र ऑक्सिजन कमी पडला, की रक्तवाहिन्या रुंदावतात. जास्त रक्त येऊ दे, सोबत ऑक्सिजन येईल, असा सरळ हिशेब. फुप्फुसांत मात्र बरोब्बर उलटं. तिथे हवेतला ऑक्सिजन कमी झाला, की रक्तवाहिन्या आकसतात. १९४६ मध्ये स्वीडनच्या फॉन ऑयलर आणि लिलयेस्ट्रांड यांनी मांजरांवरच्या प्रयोगात हे दाखवून दिलं.

असं उफराटं का? सांगलीकडे उसाला पाणी देताना कुणी दारं धरलेली पाहिली असतील, तर पटकन कळेल. जिथे पीक आहे त्या सरीचं दारं मोडायचं, जिथे काहीच उगवलेलं नाही तिथलं बुजवायचं. पाणी फुकट जाता कामा नये. फुप्फुसं तेच करतात. समजा, न्यूमोनियाने एक कोपरा बंद पडला. तिथे हवाच पोचत नाही, मग तिथे रक्त पाठवून उपयोग काय? त्या भागातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्त हवा असलेल्या भागाकडे वळतं. ना मेंदूचा हुकूम, ना हार्मोनची वाट. रक्तवाहिनीच्या भिंतीतले स्नायूच ऑक्सिजनची कमतरता ओळखतात, त्यांच्या पेशींत कॅल्शियम शिरतं आणि ते आकसतात. जाम हुशार सिस्टिम!

आईच्या पोटात तर ती आपल्या सगळ्यांच्याच कामी आलेली असते. तिथे श्वास नसतो, त्यामुळे फुप्फुसांतल्या वाहिन्या आवळलेल्या असतात आणि बहुतेक रक्त त्यांना वळसा घालून जातं. पहिला श्वास घेतला, की दारं उघडतात.

आता लेहला या. उंची सुमारे ३,५०० मीटर. श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश. इथे एक कोपरा नाही, अख्खं शेतच कोरडं! सगळीकडची दारं एकदम बुजवायला सुरुवात होते, पण हृदयाचा पंप चालूच. पाटातला दाब वाढतो. दारं सारखी बुजत नाहीत, त्यामुळे उघड्या राहिलेल्या वाटांवर लोंढा येतो. नाजूक केशवाहिन्या गळू लागतात आणि हवेच्या पिशव्यांत पाणी भरतं. याचं नाव हाय अल्टिट्यूड पल्मनरी ईडिमा, थोडक्यात 'हेप'. उंचीवरच्या आजारांतला सर्वांत जीवघेणा.

कुणाच्या वाहिन्या जास्त आकसतील, हे फिटनेसवरून कळत नाही. महाबळेश्वरच्या वीकएण्डवरूनही नाही, कारण ते १,४०० मीटरच्याही आतच आहे. हा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो.

आपल्या जवानांनी याची किंमत मोजलीय. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी हजारो सैनिक घाईने हिमालयात चढवले गेले. धडधाकट तरुण पोरं श्वासासाठी तडफडली. लष्करातले डॉक्टर इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचा अभ्यास १९६५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडला. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या घरोघरी फौजी असलेल्या गावांतून आजही पोरं हिमालयातल्या चौक्यांवर जातात. पण लष्कर त्यांना टप्प्याटप्प्याने, मुक्काम करत वर नेतं. आपण मात्र चार दिवसांच्या सुट्टीत सगळं बसवायला बघतो!

मग करायचं काय? विमानाने गेलात, तर लेहमध्ये पहिले दोन दिवस निव्वळ आराम. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. डायमॉक्स वगैरे गोळ्या डॉक्टरांना विचारूनच.

हेप बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री गाठतो. चालताना एकदम मागे पडणं, कोरडा खोकला, मग बसल्याजागी धाप आणि शेवटी गुलाबी फेस. बसल्याजागी धाप लागली, की 'सकाळी बघू' चालणार नाही. ऑक्सिजन, डॉक्टर आणि ताबडतोब खाली उतरणं.

म्हणून ट्रिपचा लीडर निवडताना सगळ्यात भारी बाइक चालवणारा निवडू नका. 'आज रात्रीच खाली जायचं' असं ठणकावून सांगणारा निवडा.