हवालदार गोपाळबाबा वलंगकर : पेन्शनीनंतर सुरू झालेले काम

रत्नागिरी जिल्ह्यातील गावोगावच्या जयंती कार्यक्रमांना आम्ही जातो. फुले, शाहू, आंबेडकर ही नावे लहान मुलांनाही पाठ असतात. पण "गोपाळबाबा वलंगकर कोण?" असे विचारले की बहुधा सभा शांत होते. ज्या दापोलीत बसून या माणसाने अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली, त्या दापोली तालुक्यातही हाच अनुभव येतो. म्हणून हा लेख.

लष्कराने काय दिले?

गोपाळबाबा मूळचे महाडजवळच्या रावढळचे. महार कुटुंबात जन्मलेले गोपाळबाबा ब्रिटिशांच्या लष्करात भरती झाले आणि 1886 साली हवालदार म्हणून निवृत्त होऊन दापोलीत स्थायिक झाले. दापोली ही जुनी लष्करी छावणी. 'कॅम्प दापोली' हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. तिथे महार पेन्शनरांची वस्ती होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही काळ तिथेच राहिले.

या वस्तीचे महत्त्व नीट समजून घ्यायला हवे. गावातला महार गावकीच्या कामाला आणि खोताच्या मर्जीला बांधलेला होता. तोंड उघडले की पोटावर पाय. लष्कराने मात्र या माणसांना दोन गोष्टी दिल्या. पहिली, अक्षरओळख. पलटणीच्या शाळांमध्ये सैनिक आणि त्यांची मुले शिकत. रामजी सुभेदार अशाच लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. दुसरी, पेन्शन. दरमहा हातात पडणारी ही रक्कम रोखण्याचा अधिकार गावातल्या कोणाकडेही नव्हता. वाचता येणारा आणि गावावर अवलंबून नसलेला माणूस बोलू शकतो. गोपाळबाबा बोलले.

दुसरी कारकीर्द

महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल प्रभाव होता. निवृत्तीनंतर ते 'दीनबंधु' आणि 'सुधारक' या पत्रांतून लिहू लागले. 1888 साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली. तिच्यात त्यांनी उच्चवर्णीयांना 26 प्रश्न विचारले. तोपर्यंत अस्पृश्यांविषयी बहुधा इतर लोकच लिहीत होते. इथे स्वतः अस्पृश्य समाजातला माणूस छापील शब्दांत जाब विचारत होता. दलित पत्रकारितेचा आणि साहित्याचा इतिहास सांगताना अभ्यासक गोपाळबाबांपाशी थांबतात ते यासाठीच.

पण त्यांनी केवळ लेखन केले नाही. अनार्य दोष परिहारक मंडळी ही संस्था त्यांनी उभी केली. आपण या भूमीचे मूळ रहिवासी, आपल्यावर लादलेला दोष आपणच दूर करायचा, हा तिच्या नावातलाच विचार. त्याच काळात दापोलीच्या नगरपालिका शाळेत महार पेन्शनरांच्या मुलांना वर्गाबाहेर व्हरांड्यात बसवण्याचा वाद पेटला. आपली मुले आत बसली पाहिजेत यासाठी पेन्शनरांनी सरकारदरबारी अर्ज केले. 1892 च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली, म्हणजे ज्या दाराने ही पिढी बाहेर पडली होती, ते दारच मिटले. 1894 साली गोपाळबाबांनी भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज तयार केला. 1895 मध्ये सरकारने त्यांना महाड तालुका लोकल बोर्डावर नेमले, तेव्हा उच्चवर्णीय सदस्यांना ते रुचले नाही.

मर्यादा लपवू नयेत

भरतीच्या अर्जात आपण पूर्वीचे क्षत्रिय असल्याचा दावाही होता. आज बौद्ध म्हणून वाचताना हे खटकते. वर्णाच्या शिडीवर वरची पायरी मागून शिडी मोडत नाही. ती नाकारण्याचे काम 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात झाले. पण ज्यांच्यासमोर कोणतीही तयार वाट नव्हती, त्या माणसाचे मोजमाप 1956 च्या फूटपट्टीने करणे अन्यायाचे ठरेल. 1900 साली गोपाळबाबा गेले. ज्या महाडच्या बोर्डावर त्यांचे बसणे लोकांना खुपले, त्याच महाडात 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्यायले.

आपण काय घ्यायचे?

समाजकार्य करताना आम्हाला दोन प्रकारची माणसे सतत भेटतात. एक, मुंबईत रेल्वे, महापालिका, बँक किंवा शाळेत नोकरी करून गावी परतलेले पेन्शनर. "आता आमचं काय राहिलंय," असे ते म्हणतात. दुसरे, स्पर्धा परीक्षेत पाच-सहा वर्षे घालवून यादीत नाव न आलेले तरुण. "सगळं फुकट गेलं," असे ते म्हणतात. दोघांनाही आम्ही गोपाळबाबांची गोष्ट सांगतो. पलटणीत शिकलेले वाचन, शिस्त, वरिष्ठांना अर्ज लिहिण्याची पद्धत, हेच त्यांचे पुढच्या कामाचे हत्यार झाले.

ज्याने तीस वर्षे सरकारी फायली हाताळल्या, त्याला जात पडताळणीचा अर्ज कुठे अडतो हे कळते. ज्याने राज्यघटना आणि कायदे पाठ केले, तो विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांना शिकवू शकतो, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देऊ शकतो. गावमंडळ आणि मुंबई मंडळाने मिळून एवढेच ठरवावे : आपल्या गावातले पेन्शनर किती, शिकलेले तरुण किती, कोणाला काय येते, याची एक वही करायची. 'पे बॅक टू सोसायटी' वर्गणीने संपत नाही, ते वेळेने आणि कौशल्याने पुरे होते.

आणि पुढच्या जयंतीला वक्त्याने दापोलीच्या या हवालदाराचे नाव जरूर घ्यावे. शक्य झाल्यास ते एखाद्या विद्यार्थ्याकडूनच सांगून घ्यावे.

गोपाळबाबा वलंगकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन. जय भीम!