बाद झालेल्यांचा क्रम

सुतळी ताणून चारही खुंट्या ठोकल्या की आधी कर्ण मोजायचे. मुलींचं कबड्डीचं मैदान 12 मीटर लांब, 8 मीटर रुंद. दोन्ही कर्ण 14 मीटर 42 सेंटीमीटर भरले तर कोपरे काटकोनात आले म्हणायचे. चार बोटांचा फरक पडला तरी खुंटी उपटून पुन्हा ठोकतो. मग फक्की. मूठ सैल धरून, सुतळीवर नजर ठेवून, न थांबता चालत जायचं; थांबलं की तिथे ढीग पडतो आणि रेषा जाड होते. मध्यरेषेपासून 3 मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे 1 मीटरवर बोनस रेषा.

पण फक्कीच्या आधीचे दोन दिवस खड्यांचे असतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्याची ही जमीन मुरमाड. वरून कितीही स्वच्छ दिसली तरी पाणी मारून रोलर फिरवला की खालचे खडे तोंड वर काढतात. ते वेचायला पोरं ओळीत उकिडवी बसतात, दोनदा, तीनदा. माती चाळायची, आरागिरणीतला भुसा मिसळायचा, पुन्हा पाणी. पकड करणारी मुलगी गुडघ्यांवर पडते, तेव्हा एक खडा राहिला तर कातडी सोलून निघते. एकदा ते झालं की पुढच्या वेळी ती झेपावताना कचरते. मैदान नीट नसेल तर पकडीचा खेळच उभा राहत नाही, हे माझं इतक्या वर्षांचं ठाम मत.

हे मैदान गोंडवाना विद्यापीठाच्या महाविद्यालयांच्या स्पर्धेसाठी. हे विद्यापीठ 2011 मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं. त्याआधी इथल्या मुलींना निवडीसाठी नागपूरच्या संघांशी झुंजावं लागे. आता चंद्रपूर आणि गडचिरोली, एवढ्या दोन जिल्ह्यांच्या महाविद्यालयांत स्पर्धा होते. तरी अंतरं कमी नाहीत. सिरोंच्याचा संघ गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरून निघतो, गडचिरोलीच गाठायला दोनशेहून जास्त किलोमीटर, पुढे आणखी कुरखेडा. मुली गाडीतून उतरतात तेव्हा पाय आखडलेले असतात. दिवस हलक्या धानाच्या कापणीचे. काहींच्या बोटांवर विळ्याचे ओरखडे. वजनकाट्यावर मुलींसाठी मर्यादा 75 किलोची, आमच्या मुली 50 च्या आसपासच थांबतात.

स्पर्धा बाद पद्धतीची. समजा 19 संघ आले, तर 32 मधून 19 वजा करून 13 संघांना बाय. उरलेले 6 पहिल्या फेरीत खेळतात. एकदा हरलं की घरी. दोनशे-अडीचशे किलोमीटर येऊन मिळतात 15-15 मिनिटांचे दोन डाव, मध्ये 5 मिनिटं विश्रांती. विद्यापीठाचा संघही इथूनच निवडायचा असतो, म्हणजे दुबळ्या संघातल्या चांगल्या मुलीला स्वतःला दाखवायला अर्धा तासच.

मी सहायक गुणलेखक म्हणून बसतो. मुख्य गुणलेखक गुण मांडतो. बोनसचा गुण असेल तर त्यावर त्रिकोण. माझ्याकडे एका संघाच्या बाद झालेल्या मुलींचा क्रम. जी आधी बाद झाली, तीच आधी उठणार. समोरचा एक गडी बाद केला की आपला एक उठतो. बोनसने मात्र गुण मिळतो, कुणी उठत नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण साखळी तुटून एकाच चढाईत तिघी बाद होतात, सगळीकडे आरडाओरडा, तेव्हा कुणाला आधी हात लागला हे पंचांच्या बोटांवरून टिपावं लागतं.

सुरुवातीच्या वर्षांत माझी एक चूक झाली. 5 नंबरची मुलगी आधी बाद होती, मी 9 नंबरला उठवलं. 5 नंबर त्या संघाची मुख्य चढाईपटू. ती बाहेर बसून राहिली, तेवढ्यात लोण चढला, आणि संघ एका गुणाने हरला. कुणी तक्रार केली नाही. त्या मुलीनेही नाही. तिला वाटलं, कागद सांगतो म्हणजे बरोबरच असेल. ते मला फार लागलं. तेव्हापासून मी प्रत्येक नंबर लिहिताना मोठ्याने म्हणतो, शेजारचा ऐकतो, मान हलवतो.

यंदा एक सामना अजून डोळ्यांसमोर आहे. दक्षिणेकडच्या मुली एकमेकींना तेलुगूत इशारे देत होत्या, "पट्टु, पट्टु!" कोरचीकडच्या मुलींना ते कळेना; त्यांनी पाच मिनिटांत आपसात गोंडी सुरू केली. बाहेरून बायका ओरडत होत्या, "धर वो, सोडू नको!" दक्षिणेच्या संघातली 7 नंबर बारीक, उंच, अनवाणी. समोर सहा जणी उभ्या असल्या तरच बोनस मिळतो, हे तिला पक्कं ठाऊक. सहा मोजून ती उजवीकडे सरकायची, कोपऱ्यातलीला हात दाखवायची, तिने अंग मागे घेतलं की डावा पाय बोनस रेषेपलीकडे, उजवा हवेत. पंचांचा अंगठा वर. तीच हालचाल सहा वेळा, आणि दर वेळी फक्कीवर पाय न घसरता.

संघ 23-31 हरला. सामान बांधताना ती टेबलाशी आली.

"सर, माझे किती झाले?"

गुणपत्रक शेजाऱ्याकडून घेऊन मी बोट ठेवत मोजले. 16. त्यात सहा त्रिकोण.

"लिहून देता का?"

मी चिठ्ठीवर लिहून दिलं. तोच आकडा दुसऱ्या चिठ्ठीवर लिहून निवड समितीच्या टेबलावर ठेवला, कारण तो सामना सुरू होता तेव्हा समितीतले दोघं शेजारच्या मैदानावर मुलांचा सामना बघत होते. निवड झाली तर तिला पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत राजस्थान, गुजरातच्या मुलींसमोर उतरावं लागेल, मॅटवर, बूट घालून. मातीवर अनवाणी कमावलेली ती उडी बुटात बसायला आठवडे लागतात. सराव शिबिराआधी तिला मॅट मिळायला हवी, हे मी समितीला त्याच चिठ्ठीच्या पाठीमागे लिहिलं.

गाडीचा हॉर्न वाजला. 7 नंबरने चिठ्ठी घडी करून मोबाईलच्या कव्हरात सरकवली आणि धावत गेली. मी पुढच्या सामन्याचा कोरा कागद लावला, आणि पोरं पुसट झालेल्या बोनस रेषेवर पुन्हा फक्की टाकू लागली.