हवा थंड, तरी ऊन तीव्र! मुलांची त्वचा कशी जपायची?

मे महिन्याच्या सुट्टीत महाबळेश्वरला गेलेली मुले दिवसभर उघड्यावर हुंदडतात आणि रात्री नाक, मान, खांदे झोंबू लागतात. ‘पण ऊन तर लागतच नव्हते,’ असे पालक म्हणतात. गफलत इथेच होते. अंगाला जाणवते ती उष्णता. त्वचा भाजणारे अतिनील किरण जाणवत नाहीत. गार वाऱ्याने ते कमी होत नाहीत, उलट दर १००० मीटर उंचीमागे सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. पातळ ढगांतूनही त्यांचा मोठा भाग खाली येतो.

मग ओळखायचे कसे?

मोबाइलमधील हवामान अ‍ॅपवर ‘यूव्ही इंडेक्स’ हा आकडा असतो. बहुतेक जण तापमान पाहूनच अ‍ॅप बंद करतात. जागतिक आरोग्य संघटनेनुसार हा आकडा ३ झाला की संरक्षण हवे. ८ च्या पुढे दुपारी बाहेर जाणे टाळावे. अ‍ॅप नसेल तर सावली पाहा. मुलाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर किरण तीव्र आहेत. महाराष्ट्रात मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर. क्रिकेटची शिबिरेही नेमकी याच दिवसांत!

क्रीम किती, कोणते?

एसपीएफ ३० चे सनस्क्रीन नीट लावले तर सुमारे ९७ टक्के यूव्हीबी किरण अडवते, ५० चे सुमारे ९८ टक्के. त्यामुळे १०० च्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. खरी चूक असते ती बोटभर क्रीम अंगभर पुरवण्यात. थर भरपूर हवा, दर दोन तासांनी आणि पोहून आल्यावर पुन्हा हवा. बाटलीवर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहिलेले असावे. सहा महिन्यांखालील बाळाला शक्यतो क्रीम नको, सावलीतच ठेवावे.

अर्थात क्रीमच्या आधी कपडे. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि चहूबाजूंनी काठ असलेली टोपी. क्रिकेटच्या टोपीने कान आणि मान उघडीच राहते.

‘आपल्या सावळ्या कातडीला काही होत नाही’ हे अर्धेच खरे. मेलॅनिनमुळे थोडे संरक्षण मिळते, पण त्वचा भाजतेच आणि डोळ्यांनाही त्रास होतो. दुसरीकडे, पोर काळवंडेल म्हणून त्याला घरात कोंडणेही चूकच. खेळ हवाच; फक्त मैदानाची वेळ सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतरची ठेवावी.