तीन-तीनची तुकडी आणि बाकामागचा माणूस

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत बर्फ म्हटलं की लादी. एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळिशीच्या वर चढतो, रसवंतीच्या दारात गोणपाटात गुंडाळलेली लादी येते, टोच्याने फुटते आणि दुपार उलटायच्या आत संपते. अशा पेठेत बसून आइस हॉकीच्या प्रशिक्षकावर लिहायला घेणं तसं आगाऊपणाचंच. पण खो-खोवर पोसलेल्या सोलापूरकराला त्या माणसाचं काम कळायला अवघड जाऊ नये.

खो-खोत संरक्षणाला तीन-तीनची तुकडी उतरते. पहिल्या तुकडीत कोण, हुकमी गडी आधी काढायचा की राखून ठेवायचा, हे मैदानाबाहेरून ठरतं. आइस हॉकीत हाच हिशेब साठ मिनिटं अखंड चालतो. गोलरक्षकाखेरीज पाच जण बर्फावर: तीन आक्रमकांची एक ‘लाइन’ आणि दोन बचावपटूंची जोडी. त्या वेगात गडी चाळीस-पन्नास सेकंदांत दमतो. मग खेळ न थांबता एक लाइन बाकाकडे येते आणि दुसरी कठड्यावरून उडी टाकून बर्फावर जाते. मागे सूट घातलेला प्रशिक्षक उभा असतो. पुढच्या लाइनचं नाव पुकारायचं, एखाद्याच्या खांद्यावर थाप मारायची, एवढीच त्याची हालचाल. खेळ थांबला असेल तर पाहुण्या संघाने आपले गडी आधी पाठवायचे आणि यजमानांनी ते पाहून मग आपले. घरच्या रिंगणातला चतुर प्रशिक्षक एवढ्या सवलतीवरसुद्धा सामना काढतो.

हा माणूस त्या बाकामागे पोचतो कसा? कॅनडा-अमेरिकेत त्याला जिना आहे. शाळेचा संघ, ज्युनियर लीग, मग एएचएल ही दुसऱ्या फळीची व्यावसायिक लीग आणि सर्वांत वर एनएचएल. एनएचएलमध्ये संघ 32, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाच्या जागाही 32. या जिन्याच्या टोकाला पोचलेले स्कॉटी बोमन ज्युनियर लीगमध्ये खेळत असताना त्यांच्या डोक्याला मार बसला आणि खेळाडू म्हणून त्यांचं स्वप्न तिथेच संपलं. प्रशिक्षक म्हणून त्यांनी माँट्रियल, पिट्सबर्ग आणि डेट्रॉइट या तीन संघांना मिळून नऊ वेळा एनएचएलचा स्टॅन्ली कप जिंकून दिला. त्यांच्या नावावर नियमित हंगामातले 1,244 विजय आहेत.

मला मात्र जॉन कूपर यांची वाट जास्त आवडते. हे गृहस्थ मिशिगनमधल्या लॅन्सिंगमध्ये वकील होते, गरीब आरोपींची बाजू मांडत. ओळखीच्या न्यायाधीशांनी गळ घातली म्हणून त्यांनी एका हायस्कूलचा संघ हाती घेतला. पुढे वकिली सुटली. ज्युनियर लीगमध्ये करंडक जिंकले, 2012 मध्ये नॉरफोकच्या संघासह एएचएलचा काल्डर कप जिंकला आणि 2013 मध्ये टॅम्पा बे संघाने त्यांना बोलावून घेतलं. 2020 आणि 2021 असे लागोपाठ दोन स्टॅन्ली कप त्यांनी जिंकले. एकही पायरी गाळलेली नाही, हे लक्षात घ्यावं.

या जिन्यावरून ढकलूनही देतात. क्रेग बेरुबे 2018 च्या नोव्हेंबरात सेंट लुईसचे हंगामी प्रशिक्षक झाले. जानेवारीच्या सुरुवातीला संघ लीगमध्ये तळाला होता आणि जूनमध्ये स्टॅन्ली कप त्यांच्या हातात होता. 2023 च्या डिसेंबरात त्याच संघाने त्यांना काढलं. काही महिन्यांत टोरंटोने त्यांना घेतलं. तिकडे हकालपट्टी म्हणजे कलंक नाही, बदली असते. धंदा म्हणून एखादं काम रुजलं की नाही हे मी यावरून ओळखतो: काढलेल्या माणसाला दुसरीकडे दार उघडं आहे का?

आपल्याकडे हा खेळ खऱ्या अर्थाने आहे तो लडाखमध्ये. भारत 1989 पासून आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य आहे. पुरुषांचा संघ पहिल्यांदा 2009 मध्ये अबुधाबीला उतरला, महिलांचा 2016 मध्ये तैपेईला. महिलांनी 2017 मध्ये बँकॉकला फिलिपिन्सला 4-3 असं हरवून पहिला विजय मिळवला आणि 2025 मध्ये अल ऐनला आशिया कपचं कांस्यपदक आणलं. पण लेहच्या कारझू तळ्यावर खेळण्याजोगा बर्फ जेमतेम दोन महिने टिकतो. उरलेले दहा महिने प्रशिक्षकाने शिकवायचं कुठे आणि पोट कशावर भरायचं? म्हणून चांगले खेळाडू लष्कर आणि आयटीबीपीच्या संघांत दिसतात. पगार तिथे आहे.

यावर आपण हसू नये. आपल्या साध्या हॉकीतली आणि क्रिकेटमधली कहाणी फार वेगळी नाही. क्रिकेटचे रमाकांत आचरेकर स्टेट बँकेच्या संघाकडून एकच प्रथम श्रेणी सामना खेळले. शिवाजी पार्कवरची मुलं घडवणं ही त्यांची खरी कारकीर्द. मुंबईच्या भायखळ्यातले हॉकीचे मर्झबान पटेल, सगळ्यांचे ‘बावा’, यांच्या हाताखालून व्हिरेन रस्किन्हा, एड्रियन डिसूझा आणि युवराज वाल्मीकी आले. 2019 मध्ये त्यांना द्रोणाचार्य मिळाला. द्रोणाचार्य पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी, 1985 मध्ये, तीन मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते, हेही आपल्या फारसं ध्यानात नसतं. गुरू आपल्याकडे भरपूर, पण गुरूला महिन्याच्या एक तारखेला काय मिळतं हा प्रश्न विचारणं आपल्याला असभ्य वाटतं.

वर चढलेल्यांची गत आणखी वेगळी. सप्टेंबर 2007 मध्ये जोकिम कार्व्हालो यांच्या भारतीय हॉकी संघाने चेन्नईत कोरियाला 7-2 असं धुऊन आशिया कप जिंकला. महिन्याभरापूर्वीच ‘चक दे इंडिया’ पडद्यावर आला होता, त्यामुळे प्रशिक्षक हा प्राणी एकदम लोकांच्या डोळ्यांत भरला. सहा महिन्यांत, मार्च 2008 मध्ये, सँटियागोला ब्रिटनकडून 0-2 अशी हार झाली आणि 1928 नंतर पहिल्यांदाच भारतीय हॉकी ऑलिंपिकला मुकली. कार्व्हालोंनी राजीनामा दिला. बेरुबेंसारखं दुसरं टोरंटो मात्र त्यांच्यासाठी कुठे नव्हतं. देशाचा संघ एकच असतो.

आपल्याकडे जिना बांधला तो कबड्डीने. 2014 मध्ये प्रो कबड्डी आली आणि प्रशिक्षकाला बारा महिन्यांचा नाही तरी हंगामाचा करार मिळू लागला. बी. सी. रमेश 2018 च्या हंगामात बेंगळुरू बुल्सच्या विजेत्या चमूत होते, 2019 मध्ये बंगाल वॉरियर्सचे प्रशिक्षक म्हणून जिंकले आणि मार्च 2024 मध्ये पुणेरी पलटणला विजेतेपद मिळवून दिलं. संघ बदलला, माणूस टिकला. 2022 मध्ये अल्टिमेट खो-खो लीग पुण्याच्या बालेवाडीत सुरू झाली, तेव्हा खो-खोतही अशी पायरी घातली गेली.

तेव्हा सोलापुरातल्या एखाद्या मुलीने ‘मला प्रशिक्षक व्हायचंय’ म्हटलं, तर तिला बी.पी.एड. करायला सांगा, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका घ्यायला सांगा. पण ती कुठल्याही खेळात शिरण्याआधी त्या खेळात प्रशिक्षकाला करार कोण देतं आणि तो किती महिन्यांचा असतो, याची चौकशी घरच्यांनी करावी.